प्रकाशाची वाटणी



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची समजूत अशी होती की मी नव्या कामगार-संहितांवर बोलेन. ती समजूत वावगी नव्हती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या फाटकांवर मी तीस वर्षे बोलत आलो आहे, आणि त्या विषयावर मला झोपेतून उठवले तरी दोन तास बोलता येईल. परंतु मी त्यांना विषय कळवला तो निराळाच. प्रोजेक्टरवर नव्या पद्धतीचे, म्हणजे ज्याला एचडीआर म्हणतात ते चित्र नीट कसे दिसावे, हा तो विषय. चिटणिसांचा फोन आला, "काका, विषय लिहिताना काही चूक झाली नाही ना?" चूक झाली नव्हती. हा विषय मला हौसेने सुचलेला नाही. तो मला वर्गणीच्या पैशाने शिकवला आहे, आणि वर्गणीच्या पैशाने शिकवलेली गोष्ट माणूस सहसा विसरत नाही.

माझे शिक्षण दहावीपर्यंत. तेही दुसऱ्या खेपेला. पुढे जे काही आले ते रात्रपाळीत, वाचनालयात आणि लोकांना प्रश्न विचारून आले. तेव्हा मी अभियंता या नात्याने बोलत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

हकीगत अशी. आमच्या सारसोळे गावठाणात मंडळाचे एक लहानसे सभागृह आहे. एका अंगाला नेरुळची वस्ती, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खारफुटी. गावातली म्हातारी माणसे पूर्वी गणपतीत रस्त्यावर सोळा मिलिमीटरचा सिनेमा बघत. दोन बांबूंना पांढरी चादर ताणायची, मधोमध यंत्र ठेवायचे, अर्धे लोक चादरीच्या पुढे आणि अर्धे मागे. मागच्यांना अक्षरे उलटी दिसत आणि नायक डावखुरा दिसे, पण तक्रार कोणी करीत नसे. आता त्याच माणसांना मॉलमधल्या चित्रगृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि तिथले तिकीटही परवडत नाही. तेव्हा २०२४ च्या दिवाळीत असे ठरले की सभागृहात दर शनिवारी चित्रपट दाखवायचे. घरटी वर्गणी काढली. हिशेब माझ्याकडे आला, कारण असले हिशेब जन्मभर माझ्याकडेच येतात. यंत्र, पडदा, ध्वनीची पेटी आणि वायरी मिळून १,९२,००० रुपये झाले. यंत्राच्या खोक्यावर लिहिले होते: फोर-के, एचडीआर, ३,००० ल्युमेन. पडदा मी स्वतः हट्टाने १५० इंची घेतला. दुकानदाराने १२० सुचवला होता, हे मी आज कबूल करतो. त्या वेळी मला वाटले की हा माणूस आम्हाला लहान समजतो आहे.

पहिल्या शनिवारी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जीवांवरचा एक परदेशी माहितीपट लावला. कोळ्यांच्या गावाला याहून योग्य काय? उजेडातली दृश्ये बरी दिसली. मग कॅमेरा खोल पाण्यात गेला, आणि पडद्यावर जो काळोख झाला तो वीस मिनिटे उठेना. मधूनच एखादा ठिपका चमके, पुन्हा काळोख. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मोठ्याने विचारले, "दिवा गेला का रं?" सगळे हसले. मी हसलो नाही. मध्यंतरात दोघेजण दाराशी बोलत होते ते माझ्या कानावर पडले: "दोन लाखांत हा काळोख घेतला. बाकीचे पैसे कुठे गेले?" ज्या माणसाने तीस वर्षे दुसऱ्यांच्या वर्गणीला हात लावलेला नाही, त्याला हे वाक्य कसे लागते ते मी सांगत बसत नाही. त्या रात्री एवढे ठरवले की यंत्र बदनाम व्हायचे की मी, याचा निकाल मोजून लावायचा.

आमच्या युनियनच्या कपाटात एक लक्समीटर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात १७ वे कलम कामाच्या जागेवरच्या उजेडाविषयी होते, आणि यंत्रापाशी उजेड पुरेसा आहे की नाही या वादात व्यवस्थापनाचा एक आकडा आणि आमचा दुसरा, असे होऊ नये म्हणून तो घेतला होता. रविवारी सकाळी खिडक्या बंद करून तो पडद्यापाशी धरला. तोंड यंत्राकडे, पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र, आणि नऊ ठिकाणची सरासरी. यंत्र दुकानातून आले तेव्हा ज्या भडक पद्धतीत होते तीत ४६५ लक्स भरले. १५० इंची पडद्याचे क्षेत्रफळ ६.२ चौरस मीटर. गुणाकार केला तर सुमारे २,८८० ल्युमेन. म्हणजे खोक्यावरचा आकडा जवळजवळ खरा होता. दुकानदार सुटला.

मात्र त्या पद्धतीत माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे हिरवट दिसत. प्रकाश जास्तीत जास्त काढायचा तर यंत्र हिरव्या रंगावर भर देते, कारण आपल्या डोळ्याला आणि मीटरलाही हिरवा रंगच सर्वांत जास्त उजळ वाटतो. ज्याला सिनेमा पद्धत म्हणतात तिच्यावर यंत्र आणले. चेहरे माणसाचे झाले आणि आकडा उतरून २४० लक्सवर आला. म्हणजे १,५०० ल्युमेनच्या आसपास. कामगारमंडळींना हे समजावून सांगावे लागत नाही. ठोक पगार वेगळा आणि कापून-कुपून हातात पडतो तो वेगळा. खोक्यावर ठोक पगार लिहिलेला असतो.

आता पडद्यावरून डोळ्यात किती उजेड येतो ते मोजण्याचे माप निट. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी लक्सला ३.१४ ने भागले की निट मिळतात. २४० चे झाले ७६ निट. हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा. पुढचे सारे भांडण या ७६ निटांचे आहे.

एचडीआर म्हणजे काय हे मी पुस्तके आणि कागदपत्रे चाळून जेवढे समजून घेतले ते सांगतो. जुन्या पद्धतीच्या चित्रात दूरदर्शन-संच किंवा यंत्र यांना एवढेच सांगितलेले असे की, हे पांढरे, हे काळे आणि हे अमुक इतके अधले-मधले. पांढरे म्हणजे किती, ते यंत्राने आपल्या कुवतीप्रमाणे ठरवावे. गरिबाच्या घरी गरीब पांढरे, श्रीमंताकडे श्रीमंत. चित्र करणारा स्वतः १०० निटांच्या पडद्यासमोर बसून काम करी. पुढे पडदे अधिक तेजस्वी झाले. २०१४ साली चित्रपट-अभियंत्यांच्या एसएमपीटीई या अमेरिकन संस्थेने नवी मोजपट्टी प्रसिद्ध केली, आणि तिचे वरचे टोक १०,००० निटांवर नेऊन ठेवले. ही पट्टी प्रमाण सांगत नाही, रक्कम सांगते. हा चेहरा ४० निट, हे ढग ३००, हा आरशावरून परतलेला सूर्य १,०००. आणि तिच्या पायऱ्याही हुशारीने मांडलेल्या आहेत. डोळा अंधारातले बारीक फरक चटकन टिपतो, उजेडातले तितके टिपत नाही. म्हणून एकूण पायऱ्यांपैकी जवळजवळ अर्ध्या शंभर निटांच्या खालीच खर्ची घातल्या आहेत. एचडीआरची खरी श्रीमंती त्या खालच्या अर्ध्यात आहे. दुकानात आपल्याला चमकणारा सूर्य दाखवतात, पण घरी आल्यावर उपयोगाची असते ती सावलीतली बारकी नक्षी.

आता अडचण पाहा. चित्रपट तयार करणाऱ्याने १,००० निटांच्या, कधी ४,००० निटांच्या पडद्यासमोर बसून हुकूम लिहिला. भिंतीवरच्या चांगल्या टीव्हीला त्यातला बराचसा पाळता येतो. आमच्याकडे आहेत ७६. ज्या चित्रगृहाला आपण एवढे नावाजतो तिथेही नेहमीच्या डिजिटल चित्रपटासाठी पांढऱ्याचे प्रमाण ४८ निटच आहे. तेव्हा ७६ हा आकडा लाजिरवाणा नाही. काळोख्या खोलीत डोळा थोड्यात समाधानी होतो. परंतु चित्रगृहासाठी त्याच चित्रपटाची वेगळी प्रत काढलेली असते. आपल्या हातात येते ती घरच्या पडद्यासाठी लिहिलेली हजार निटांची प्रत.

हजाराचा हुकूम आणि ७६ ची थैली! यंत्राने काय करावे? सरळ प्रमाणात कपात केली तर हजाराचे ७६ होतात आणि चाळीस निटांच्या चेहऱ्याच्या वाट्याला तीन निट उरतात. तीन निटांचा चेहरा म्हणजे अमावास्येला ओटीवर बसलेला माणूस. आमच्या आजींना जो काळोख दिसला त्याचा मोठा भाग हाच होता.

हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा थोडा वेळ पेन खाली ठेवून बसलो, कारण तो मी आधी पाहिलेला होता. कारखाना तोट्यात गेला की व्यवस्थापन म्हणते, सर्वांना सारख्याच टक्क्यांनी कपात, याहून न्याय्य काय? ऐकायला ते न्याय्य वाटते. पण पन्नास हजारांवाल्याचे वीस टक्के गेले तर त्याची बचत कमी होते. बारा हजारांवाल्याचे वीस टक्के गेले तर घरात दूध बंद होते. म्हणून आम्ही मागणी करीत आलो की खालच्या पायरीला हात लावू नका, कपात वरून सुरू करा आणि जसजसे वर जाल तसतशी वाढवा. चित्राच्या शास्त्रातही जाणत्या माणसांनी हेच केले आहे. खालचा भाग, म्हणजे चेहरे, सावल्या, घरातली भांडीकुंडी, शक्य तितका जसाच्या तसा ठेवायचा आणि वरचा चमकता भाग दाबून थोड्या जागेत बसवायचा. याला टोन मॅपिंग म्हणतात. शब्द अवजड आहे. मला विचाराल तर ही प्रकाशाची वाटणी आहे.

बहुतेक यंत्रांत ही वाटणी बदलण्यासाठी एक कळ दिलेली असते. कुठे तिला एचडीआर ब्राइटनेस म्हणतात, कुठे एचडीआर लेव्हल, कुठे नुसते आकडे असतात. ही एक कळ बाकीच्या दहा कळींपेक्षा महत्त्वाची. ती एका बाजूला नेली की चेहरे उजळतात आणि ढगांतली नक्षी पुसली जाऊन ते कोरे पांढरे होतात. दुसऱ्या बाजूला नेली की ढग सुंदर दिसतात आणि माणसे काळवंडतात. दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत, कारण थैलीच तेवढी आहे. काही महाग यंत्रे आणि काही वेगळ्या पेट्या ही वाटणी दृश्यागणिक नव्याने करतात. रात्रीच्या दृश्यात हजाराची तरतूद करून ठेवत नाहीत, कारण तिथे हजार मागणारा कोणी नसतोच. ती सोय उत्तम. आमच्या यंत्रात ती नव्हती.

पण या कळीला हात लावण्यापूर्वी चार कामे करावी लागतात, आणि ती सोडून जे लोक एकदम मेन्यूत शिरतात त्यांचे चित्र कधी बसत नाही. माझेही पहिले दोन शनिवार तसेच गेले.

पहिले काम थैली वाढवणे. नवे यंत्र घेण्याआधी चित्र लहान करून पाहावे. १५० इंचांवरून झूम फिरवून मी ते १२० इंचांवर आणले. बाजू पाचात चार झाली तरी क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक घटते, आणि तोच प्रकाश तेवढ्या कमी जागेत पडतो. मीटर २४० वरून ३७५ च्या घरात गेला. म्हणजे ७६ निटांचे जवळजवळ १२० झाले. फुकटात! त्या क्षणी दुकानदाराचे बोलणे मला आठवले आणि कान तापले. उरलेल्या पांढऱ्या पडद्यावर चारी बाजूंनी काळे जाडे कापड शिवून घेतले. गावातल्या शिंपीकाकांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुसरे काम खोलीचे. आमच्या सभागृहाच्या भिंतींना आणि छताला पांढरा चुना. पडद्यावरचा उजेड भिंतींवर जातो, भिंती तो पडद्याला परत करतात, आणि पडद्यावरचे काळे राखाडी होते. काळे राखाडी झाले की यंत्राने सावल्यांत जी नक्षी राखली ती सारी त्या राखेत बुडते. म्हणून पडद्याजवळच्या छताला चार हात आणि बाजूच्या भिंतींना तेवढेच काळे कापड लावले. खिडक्यांना जुने जाड पडदे. दारावरचा हिरवा निर्गमन-दिवा मात्र तसाच ठेवला. तो विझवा म्हणणाऱ्या एका उत्साही तरुणाला मी त्या दिवशी जरा कडक बोललो. चित्रासाठी आपण माणसे कोंडत नाही.

तिसरे काम साफसफाईचे. यंत्राच्या हवेच्या जाळीवर दोन महिन्यांत गोधडीसारखी धूळ बसली होती. जाळी तुंबली की दिवा तापतो, आणि दिव्याचे आयुष्य आधीच मर्यादित. कारखानदार दिव्याचे जे तास सांगतो त्या तासांना दिवा बंद पडतो असा अर्थ नसून तोपर्यंत त्याचा उजेड अर्ध्यावर येतो, असा तो अर्थ असतो. यास्तव आज बसवलेले चित्र वर्षाने पुन्हा बसवावे लागते. लेझरच्या यंत्रांना ही घसरण सावकाश होते, पण होतेच.

यावरून मला ठाण्याच्या एका चित्रगृहातले एक जुने ऑपरेटर आठवतात. ते आमच्या बैठकांना येत. त्यांच्या काळी यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींसमोर जळत आणि त्यांच्यामधल्या ठिणगीच्या उजेडावर चित्रपट चाले. कांड्या जळून आखूड होत, मधले अंतर वाढे, आणि पडदा पिवळा पडू लागे. काळ्या काचेतून ते अंतर पाहायचे आणि कांड्या पुढे सरकवायच्या, हे काम रात्री साडेबारापर्यंत. प्रेक्षकाला कळता कामा नये की कोणी काही केले. "प्रकाश राखणे ही माझी नोकरी," असे ते म्हणत. आता ती नोकरी राहिलेली नाही. काम मात्र राहिले आहे, आणि ते घरात बसून ज्याचे त्याने करायचे आहे. त्याहीपूर्वी, आपल्याच ठाणे जिल्ह्यात कल्याणला, महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र काचेवर रंगवलेली चित्रे दिव्यापुढे धरून 'शांबरिक खरोलिका' या नावाने प्रयोग करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली ही गोष्ट. राजा हरिश्चंद्र पडद्यावर यायला, म्हणजे १९१३ ला, अजून अवकाश होता. त्यांच्या काचांवर काय उजळ आणि काय गडद ते रंगवणाऱ्या हाताने दिव्याची ताकद ओळखून ठरवलेले असणार. आपली पंचाईत एवढीच की आपला चितारी दूर देशी बसला आहे आणि त्याला आपल्या दिव्याची कल्पना नाही.

असो. चौथे काम, आणि इथे आमच्या काळोखाचे दुसरे कारण सापडले. चित्रपट पाठवणारी पेटी आणि यंत्र यांनी काळ्या-पांढऱ्याची पट्टी एकच मानायला हवी. चित्रपटांची रीत अशी की शून्य ते २५५ या पट्टीत काळे १६ वर आणि पांढरे २३५ वर धरतात. संगणकाची रीत शून्य ते २५५ पूर्ण वापरण्याची. आमची पेटी पूर्ण पट्टीने पाठवत होती आणि यंत्र मर्यादित पट्टीने वाचत होते. परिणामी सोळाच्या खालचे जे काही होते ते सरसकट काळे धरले जात होते. पेटीच्या मेन्यूत एक शब्द बदलला आणि खोल पाण्यातले खडक दिसू लागले. यात कोणाचा दोष? कोणाचाच नाही. दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाने बरोबर चालली होती, आणि मध्ये चित्र मेले.

त्यानंतर ब्राइटनेस नावाची कळ. नावावर जाऊ नका. ही कळ उजेड वाढवत नाही, ती काळे कुठे सुरू व्हावे ते ठरवते. अंधुक पट्ट्यांचे तयार चाचणी-चित्र मिळते. सर्वांत काळ्यापेक्षा किंचित उजळ पट्टी जेमतेम दिसावी, आणि तिच्या खालची दिसू नये, एवढी ती फिरवायची आणि मग विसरून जायची. काळोख वाटतो म्हणून जो हीच कळ वाढवत राहतो त्याचे सारे चित्र धुक्यात जाते. कॉन्ट्रास्ट पांढऱ्याचे टोक ठरवते. ती सहसा आहे तिथेच बरी. रंगाचे तापमान ६,५०० केल्विनच्या जवळचे निवडावे; पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटते, मग डोळा वळणावर येतो. रंगांचा विस्तार वाढवणारी एक गाळणी काही यंत्रांत असते. ती रंग सुंदर करते आणि त्या बदल्यात प्रकाश खाते. आमच्यासारख्या तुटपुंज्या थैलीवाल्याने ती बाजूला ठेवावी. आपोआप उघडमीट करणारी झडप मी बंद केली, कारण दृश्य बदलले की चित्र असे खालीवर होई की जणू गावात विजेचा दाब कमी-जास्त होतो आहे. आमच्या लोकांना तो अनुभव पडद्यावर पुन्हा नको होता. हालचाल गुळगुळीत करणारी आणि कडा टोकदार करणारी जी काही साधने असतील ती निःशंकपणे बंद करावीत.

एवढे झाल्यावर मी त्या मुख्य कळीकडे वळलो, आणि तिथेही चुकलो. गावाने काळोखाबद्दल बोल लावला होता, तेव्हा मी कळ उजेडाच्या बाजूला शेवटपर्यंत नेली. यंत्र चालवणारा मुलगा, शेजारच्या घरातलाच, थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, ही रात्र आहे की संध्याकाळ?" खरेच, रात्रीची होडी, तीवरचा कंदील, दूरचा किनारा, सारे एकसारखे उजळले होते आणि कंदिलाला कंदीलपण उरले नव्हते. खालच्याला वर आणताना वरचा आणि खालचा यांतला फरकच पुसून टाकला तर चित्र उरत नाही. मग आम्ही दोघांनी एक रीत बसवली. एक रात्रीचे दृश्य निवडायचे ज्यात माणसाचा चेहरा आहे. डोळ्यांच्या खोबणीत डोळे दिसू लागेपर्यंत कळ वाढवायची आणि तिथे थांबायचे. मग भर उन्हाचे दृश्य लावायचे. पांढऱ्या ढगांत किंवा पांढऱ्या सदऱ्याला घडी दिसते का पाहायचे. दिसत नसेल तर एक पायरी मागे. पुन्हा चेहरा. तीन-चार फेऱ्यांत कळ स्थिरावते. दिवा किंवा सूर्य यांच्याकडे पाहून कळ लावू नये. ते कसेही करून चमकतातच.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेते सांगत नाहीत. कित्येक चित्रपटांची जुन्या पद्धतीची प्रतही उपलब्ध असते, आणि ती १०० निटांचा पडदा समोर ठेवून जाणत्या माणसाने बसवलेली असते. पेटीच्या मेन्यूत एचडीआर बंद केले की बहुधा तीच प्रत येते. आमच्या १२० निटांना ती पुष्कळ वेळा जास्त मानवते. काही चित्रपट आम्ही तसेच दाखवतो आणि कोणी विचारले तर तसे सांगतो. खोक्यावर एचडीआर लिहिले आहे म्हणून ते वापरलेच पाहिजे, अशी काही शपथ आपण घेतलेली नाही.

मग मी मंडळाची सभा बोलावली. १,९२,००० चा हिशेब पावत्यांसह मांडला. मोजमापाचा कागद भिंतीवर लावला. आणि १५० इंची पडद्यापैकी आता आपण १२० इंचच वापरतो, म्हणजे त्यात जो जादा खर्च झाला तो माझ्या हट्टाचा, तो मी भरून देतो, असे सांगितले. सभा थोडा वेळ गप्प होती. मध्यंतरात दाराशी बोलणाऱ्या त्या दोघांपैकी एकजण उठला आणि म्हणाला, "पैसे राहू द्या. उरलेल्या पडद्यावर काळे कापड लावलंय ते चांगलं दिसतंय." माफी कोणी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. कामगारांच्या सभेतही असेच होते. माणसे शब्द मागे घेत नाहीत, विषय बदलतात. पैसे मात्र मी भरले.

पुढच्या शनिवारी तोच माहितीपट पुन्हा लावला. खोल पाण्याचा भाग आला. काळोख होताच, तो असायलाच हवा होता, कारण तिथे सूर्य पोहोचत नाही. पण त्या काळोखात आता खडक होता, खडकाच्या कडेला काहीतरी हलत होते, आणि मग त्याच्या अंगावर निळसर ठिपक्यांच्या ओळी पेटत गेल्या. सभागृहात कोणी खोकले नाही. पुढच्या रांगेतल्या आजी खुर्चीवरून पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "माकूल हाय ती." माकूलच होती. मग त्यांनी शेजारणीला ती कशी धरतात, कोणत्या दिवसांत येते, कालवण कसे करायचे, हे सगळे चालू चित्रपटात सांगितले, आणि मी त्यांना गप्प राहा असे म्हटले नाही.

चित्रपट संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मला वाटले, चार शब्द बरे बोलतील. त्या म्हणाल्या, "दिसलं सगलं. पन तो बाबा काय बोलतो ते कोनाला कलतंय? मराठीत आन की." ती तक्रारही रास्त आहे. निवेदन इंग्रजीत होते. सध्या आमच्या वाचनालयातले दोन विद्यार्थी त्याचे मराठी करून कागदावर उतरवून घेत आहेत. ते झाले की चित्रपट चालू असताना एकजण ध्वनिक्षेपकावरून वाचणार आहे. वाचायचे कोणी, यावरून मंडळात पुन्हा वाद सुरू झाला आहे.